चिकटपट्टी

ऐरोलीचा दवाखाना, तळमजला, एक्स-रेच्या अलीकडची खोली.
सूक्ष्मदर्शक सरकारी, टेबलफॅन माझा,
आणि चिकटपट्टी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून.
ती कुठल्याच बिलात बसत नाही.

हेमांगी मढवी, वय तेवीस, राहणार गोठिवली.
पाठीवर, मानेवर फिक्या चकत्या,
नखाने खरवडलं की पिठासारखा भुगा.
कुर्त्याची कॉलर हनुवटीपर्यंत, मे महिन्यात.

मी कात्री शोधत होते.
तिने रीळ माझ्या हातून घेऊन
एका झटक्यात तुकडा तोडून दिला.
पाठीवर दाबला तशी खुदकन हसली:
"महापेच्या गोदामात दिवसभर मी हेच करते.
साडेसहाशे खोकी.
आज तुम्ही मलाच पॅक करताय. पत्ता नीट घाला."

पट्टी काचेवर. निळ्या रंगाचा एक थेंब.
चाळीसच्या भिंगाखाली ते दिसले:
गोल गोल घोस, मध्ये आखूड तुटके धागे,
शेवयांच्या ताटात साबुदाणा सांडावा तसं.

मी तिलाही बघू दिलं. नियमात नाही.
एक डोळा मिटायला तिला वेळ लागला.
"एवढेच? ह्यांच्यापायी दोन स्थळं गेली?"

शिबं, बाई. पुस्तकात किण्व म्हणतात,
पावाचं पीठ फुगवणाऱ्यांच्या लांबच्या नात्यातले.
पाचवीच्या रात्री सटवाई लिहून जाते,
आणि बाळाच्या टाळूवरचं तेल जिरायच्या आत
हेही येऊन बूड टेकतात.
जन्मभर आपल्या अंगचं तेल चाटून राहतात,
भांडण नाही, तंटा नाही.
पण घाम, पॉलिस्टरचा गणवेश,
पत्र्याखालची बारा तासांची पाळी,
मग हातपाय पसरतात,
आणि बसतील तिथला कातडीचा रंग रुसतो.

"रुसलेला परत येतो?"

येतो. औषध लावून दहा मिनिटं थांबायचं, धुवायचं.
हे पंधरवड्यात आवरतात.
रंगाला दोन-चार महिने लागतात,
तो चालत येतो.

दारात तिची आई.
"लिवून द्या ना, मॅडम. कोड नाय म्हनून.
शिक्का मारून द्या."
मला दिसलं तेवढंच लिहिता येतं.
काय नाही, त्याला फॉर्मवर रकाना नाही.

हेमांगीला मधेच काय सुचलं,
पट्टीचा तुकडा तिने माझ्याच कानामागे चिकटवला.
बघितलं. होते.
बाजार उठल्यावर मागे रेंगाळतात तेवढे,
तुरळक, पण होते.
आम्ही इतक्या हसलो
की एक्स-रेवाला वैती डोकावून गेला.

त्या हसण्याचा हात धरून आई आत आली.
"मंग माजा पन बगा,"
म्हणत कोपराखालपर्यंतची बाही वर सारली.

तळहाताएवढी जागा.
भुगा नाही. खाज नाही. कडा रेखलेल्या.
तापल्या दुधावरची साय असते
तेवढी पांढरी.

हेमांगीचं हसू अर्ध्यावर.
"कधीपासून?"
"तुझ्या येलेपासून."

मी पट्टी दाबली, जपून काढली.
थेंब टाकला. भिंग फिरवलं,
वर, खाली, चारी कोपरे, पुन्हा वर.
दिवसातली सगळ्यात स्वच्छ काच.
त्या निळ्यात मला माझीच पापणी
तेवढी हलताना दिसत राहिली.

"निंगला काय?" आईने विचारलं,
अजून हसूनच.

पुढ्यात फॉर्म. रकाना: काय दिसलं.
पंखा घरघरतोय.
हेमांगी पट्टीचं टोक शोधत होती,
रीळ फिरवत, नखाने चाचपत,
साडेसहाशे खोकी बांधणारी,
आणि तिला ते सापडत नव्हतं.